काठीपूरची फुलगोबी

"तुम्ही न वाचता खोडलं, साहेब! माझ्या आईचं नाव तुम्ही न वाचता खोडलं!"

प्रणालीने दोन्ही मुठी खिडकीच्या जाळीवर आपटल्या. जाळीच्या आत बाजाराचे साहेब चहात बिस्कीट बुडवत होते. ते दचकले आणि अर्धं बिस्कीट कपात पडलं.

"ए मुली, आधी रांगेत ये!"

"रांगेत मी एकटीच आहे!"

मागे उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणीला, नाजियाला हसू आलं, पण तिने ते ओढणीत दाबलं. प्रणालीचा धाकटा भाऊ अंकुर मात्र जमिनीकडे बघत होता. आज त्याला मान वर करायची हिंमत नव्हती, आणि त्याला कारणही तसंच होतं.

हा अकोल्याचा रविवारचा शेतकरी बाजार. जो पिकवतो त्यानेच इथे विकायचं, मधे दलाल नको, असा त्याचा नियम. कापसाने सगळ्यांना रडवलेल्या त्या वर्षांत वऱ्हाडात साहेबलोकांच्या गाड्या रोज धूळ उडवत फिरायच्या. पाहणी व्हायची, फोटो निघायचे, आणि धूळ खाली बसायच्या आत गाड्या परत गेलेल्या असायच्या. त्या सगळ्या धुळीतून हा बाजार तेवढा एक कामाचा निघाला होता. पातूर रस्त्यावर, शहराच्या वेशीबाहेर प्रणालीच्या आईचं, पंचफुलाबाईचं अर्ध्या एकराचं वावर होतं आणि घरामागे परसबाग. गेलं वर्षभर तिची टोपली सात नंबरच्या ओट्यावर लागायची आणि अकराच्या आत रिकामी व्हायची.

आणि आज फाटकावरच्या फळ्यावर लिहिलं होतं :

'ओटा क्र. ७. पंचफुलाबाई. अपात्र. कारण : शिजवलेले अन्न व पक्षी विकणे.'

त्याखाली लाल खडूने : 'शेतकरी नाही.'

झालं होतं असं. दिवाळीआधी बाजारात एक अर्ज वाटला गेला. 'आपण काय पिकवता?' आई सांगत गेली आणि अंकुर आपल्या वळणदार अक्षरात लिहीत गेला : अंबाडी, ढेमसं, बरबटी, सांबार, पोपट. वऱ्हाडात दोन घास जेवलेल्या कुणालाही विचारा, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि पोपट म्हणजे वालाच्या शेंगा. पण हे साहेब दोन महिन्यांपूर्वी दूरच्या मुलखातून बदलून आले होते. त्यांनी सांबार इडलीसोबत खाल्लं होतं आणि पोपट पिंजऱ्यात पाहिला होता!

"साहेब, सांबार म्हणजे कोथिंबीर!"

"मग कोथिंबीर लिहायचं."

"आणि पोपट..."

"पोपट म्हणजे पोपट!"

"वालाच्या शेंगा! तुम्ही विचारायचं होतं. नाहीतर शेत बघायला यायचं होतं. चार कोसही नाही."

"मला हजार कामं आहेत." साहेबांनी चमच्याने बिस्कीट शोधायला सुरुवात केली. "सात नंबरचा ओटा जानरावांना दिला आहे. काठीपूरचे प्रगतिशील शेतकरी आहेत. विहिरीच्या पाण्यावर फुलकोबी पिकवतात. पुढच्या रविवारी सगळ्या ओट्यांवर लोखंडी पाट्या लागतील. एकदा पाटी लागली की पाच वर्षं बदल नाही. निघा आता!"

खिडकी बंद झाली.

आई लिंबाच्या झाडाखाली टोपली घेऊन उभी होती. रखवालदाराने तिला जमिनीवरही बसू दिलं नव्हतं. पिशवी घेऊन चाललेला एक गिऱ्हाईक थांबला, फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काय बाई, राघू कितीले देल्ला?"

चारचौघं हसले. आईने टोपलीवर ओलं पोतं झाकलं.

"चला घरी," ती म्हणाली.

"आई, तू काही बोलत काहून नाई?"

"काय बोलू बाई? फळ्यावर लिहून देल्लं त्याईनं. अक्षराशी कोणं भांडावं?"

आईला मान खाली घालून चालताना प्रणालीने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तेवढ्यात सात नंबरच्या ओट्यावरून खणखणीत आवाज आला, "या, या! काठीपूरच्या मळ्यातली फुलगोबी! आज पहाटेच तोडली!"

पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले जानराव आईच्या ओट्यावर ऐसपैस बसले होते. पहाटे भाजी तोडणाऱ्या माणसाची नखं इतकी स्वच्छ?

नाजियाने प्रणालीचा दंड घट्ट धरला.

"काठीपूर? अब्बाच्या रस्त्यावरचं?"

"असंन. काहून?"

"अगं, अब्बा तिथं गाडी थांबवतात, सवारी घेतात, पण रेडिएटरमंदी पानी कधीच नाही टाकत! म्हणतात, वहाँ का पानी इंजन खा जाता है!"

प्रणाली जागच्या जागी थांबली. इंजिन खाणाऱ्या पाण्यावर फुलगोबी?

०

संध्याकाळी तिघं परसबागेत बसले. न्हाणीचं पाणी पाटाने वाफ्यांत जात होतं. कुंपणावर पोपटाचा वेल चढला होता, त्याला पहिल्या शेंगा लोंबत होत्या. आईने ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर कच्चं तेल वाढलं. ताटाच्या कडेला ठेचा. या दिवसांत ती उरलेल्या सांबाराच्या वड्या तळायची, पण आज जुड्या तशाच पडल्या होत्या. ती स्वतः न जेवताच आत गेली.

अंकुरचा घास हातातच राहिला. "माह्यामुळं झालं. म्या कोथिंबीर लिहायले पाहिजे होतं."

"तू बरोबर लिहिलं बे!" प्रणाली उसळली. "आपल्या भाजीचं नाव आपण आपल्या बोलीत नाई लिहायचं तं कोणाच्या लिहायचं? आता रडू नको, जेव. बुधवारी काम आहे."

"कोणतं?"

"काठीपूरले जायचं. ते पानी चाखून पाह्यचं."

नाजियाचे अब्बा, अब्दुल गफ्फार, अकोला ते दर्यापूर काळीपिवळी जीप चालवत. बुधवारी सकाळी त्यांनी तिघांना काठीपूरच्या फाट्यावर उतरवलं आणि बोट उगारलं.

"पाहा बेटा, बारा वाजता मी दर्यापूरवरून वापस येतो. फाट्यावर दिसले नाई तं पंचफुलाबाईले मी तोंड दाखवू शकत नाई. बारा म्हणजे बारा!"

"चाचा, ते सीटखालची दोरी नेऊ का?"

"काहून? कोणाले बांधून आणता?"

"पान्याले!" नाजिया म्हणाली, आणि तिघंही पळाले.

गावाच्या कडेला एक म्हातारी वावरातली काकडीसारखी वाळकं वेचून पाटीत ठेवत होती. तिने नाव सांगितलं भागीरथा. तिने न विचारताच एक वाळूक फोडून तिघांच्या हातावर फोडी ठेवल्या. गोड, थंड, पावसावर आलेलं शेवटचं वाळूक! अंकुरने बियांसकट गिळलं.

"आजी, जानरावचं वावर कोणतं?"

"थो पाय, तुरीच्या पल्याड. पडीतच हाय तीन वर्सापासून. काहून वं?"

"त्यांच्या विहिरीवर फुलगोबी होते म्हणे."

भागीरथाबाईने हातातलं वाळूक पाटीत ठेवलं. मग तिला इतकं हसू आलं की ती बांधावर बसली.

"अवं माय! हा खारपाणपट्टा हाय! इथल्या इहिरीच्या पान्यात दाय शिजत नाई, साबनाले फेस येत नाई. आमी पितो ते टाकीचं पानी, बाहेरून आनलेलं. झाडाले घातलं तं झाड आठ दिवसांत जयते. आमच्या दहा गावांत जे पिकते ते वरच्या, पावसाच्या पान्यावर. फुलगोबी म्हणे!"

जानरावांची विहीर तुरीच्या पलीकडेच होती. काठाच्या दगडांवर पांढरा थर चढला होता, जणू कुणी चुना सांडला होता. नाजियाने प्लास्टिकच्या बाटलीत खडा टाकला, गळ्याला दोरी बांधली. दोरी हातभर कमी पडली! तिने क्षणभरही विचार न करता ओढणी काढून दोरीला गाठ मारली.

"ईदची आहे ना गं ही?" प्रणाली म्हणाली.

"चूप! खाली पाहा!"

बाटली डुबडुबत बुडाली, भरली, वर आली. अंकुरने ओंजळभर तोंडात घेतलं आणि त्याचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला.

"थू! थू! हे तं लोणच्याचं पानी आहे!"

"शू!"

टेम्पोचा आवाज! धुरळा उडवत तो थेट या वावराकडेच येत होता. तिघं तुरीत घुसले. तूर पिवळ्या फुलांवर आली होती, पुरुषभर उंच. प्रणालीने अंकुरचं डोकं खाली दाबलं. फुलांवरच्या माश्या कानाशी गुणगुणत होत्या आणि तिचं काळीज त्याहून मोठ्याने वाजत होतं.

टेम्पोतून जानराव उतरले. मागून दोन माणसांनी क्रेट उतरवले. क्रेटमध्ये पाल्यासकट फुलगोबी! विहिरीजवळच्या एका तुकड्यावर टाकीचं पाणी शिंपडलेलं होतं. माणसांनी फुलगोबीचे दांडे त्या ओल्या मातीत रोवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... सरळ ओळीत!

"दाट लावा!" जानराव ओरडले. "उद्या सायेब फोटोले येते. दोन ओयी पुरे."

"आन् सायेबानं एखादं उपटून पाह्यलं तं?"

"थो कायचा उपटते! बांधावरून पाह्यते, बांधावरून जाते. बुटाले माती लागते ना! पोतं झाका वरून, उद्या दहापर्यंत टवटवीत राह्यलं पाह्यजे."

प्रणालीच्या कानशिलात रक्त चढलं. ही मंडीतून आणलेली गोबी, आणि हिच्यासाठी आईच्या नावावर लाल खडू!

माणसं दुसरे क्रेट आणायला टेम्पोकडे वळली. जानराव त्यांच्यामागे गेले.

"नको!" नाजिया पुटपुटली.

पण प्रणाली केव्हाच रांगत निघाली होती. दहा हात... पाच हात... तिने पहिल्या गोबीचा दांडा धरून ओढला. जोर लावावाच लागला नाही! दांडा सरळ हातात आला. खाली एक मूळ नाही, नुसता सुरीचा सपाट काप!

"कोण हाय रे थे?"

"पळा!"

तिघं पराटीतून सुसाट सुटले. कापसाच्या फुटलेल्या बोंडांची वाळकी टोकं पोटऱ्यांना ओरबाडत होती. मागे जड पावलं धपधप येत होती. अंकुरची चप्पल भेगेत अडकली. तो वाकला.

"सोड ते!"

"नवी आहे!"

"सोड म्हणते ना!"

नाजियाने बाटली छातीशी धरली होती. झाकण सैल झालं होतं, तिचा कुडता ओला होत होता. तिने पळता पळता अंगठाच बाटलीच्या तोंडात घातला. समोर रस्ता दिसला. रस्ता होता, पण जीप नव्हती! प्रणालीने मागे पाहिलं. जानराव वीस पावलांवर. पंधरा...

पीं पीं पीं!

वळणावरून काळीपिवळी आली. पूर्ण थांबायच्या आतच तिघं मागच्या पायरीवर चढले. पण जानरावही धापा टाकत पोचले आणि त्यांनी बोनेटवर हात ठेवला.

"थांब! हे पोट्टे चोर हायेत! माह्या वावरातून चोरी करून पयाले!"

जीपमध्ये बारा माणसं कोंबून बसली होती. सगळ्यांच्या माना वळल्या. गफ्फारचाचांनी शांतपणे विचारलं, "काय चोरलं, जानरावभाऊ?"

"फुलगोबी!"

मग मागून एक फेटेवाले आजोबा म्हणाले, "काठीपूरले फुलगोबी? मंग तं गफ्फारभाई, तुमच्या जीपले उद्या भुईमुंगाच्या शेंगा लागतीन!"

सगळी जीप खदखदली. जानरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते प्रणालीच्या अगदी जवळ आले आणि दातओठ खात म्हणाले, "ओळखलं तुले. सात नंबरवालीची पोट्टी ना तू? रविवारी बाजारात पाय ठेवून पाह्य. तुह्या मायले पोलिसात देतो का नाई पाह्य!"

जीप निघाली. बाटलीत पाणी उरलं होतं चार बोटं.

०

रविवारी आई बाजाराला यायला तयार नव्हती.

"टोपली घेऊन चल," प्रणाली म्हणाली. "फक्त लिंबाखाली उभी राह्य."

"अन् पोलिसात देलं तं?"

"तं मी तुह्यासंगं येतो," अंकुर म्हणाला. एकाच चपलेवर तर तो आता कुठेही जायला तयार होता.

बाजारात पाट्यांचा कार्यक्रम मांडला होता. टेबल, चादर, हार. शेतकऱ्यांनी निवडलेले पंच भगवंतराव मधल्या खुर्चीत बसले होते. सात नंबरच्या ओट्यावर फोटो लटकत होता : बांधावर साहेब, मागे फुलगोबीच्या दोन ओळी. पाटीवर जानरावांचं नाव रंगवून तयार, खिळे आणि हातोडी घेऊन माणूस उभा.

साहेब बोलायला उठले. "जानरावांसारखे कष्टाळू शेतकरी..."

बोलता बोलता त्यांना ठसका लागला. नाजियाने अदबीने पेला पुढे केला. "पानी, साहेब."

साहेबांनी मोठा घोट घेतला. डोळे गरगरले. आणि पुढच्या क्षणी चादरीवर, हारावर, पाटीवर फवारा!

"हे काय आहे? कोणी दिलं हे?"

"मी!" प्रणाली पुढे आली. "ज्या विहिरीवर फुलगोबी होते म्हणून तुम्ही सही केली, तिचंच पाणी आहे हे. एक घोट तुम्हाला सोसला नाही साहेब. गोबीला रोज कसं सोसतं?"

गर्दीत कुजबुज उठली. जानराव उडी मारून पुढे आले.

"खोटं! पोट्ट्याईनं मीठ कालवलं त्यात! हीच मायले संगं घेऊन चोरी करते, साहेब! पोलिसाले बोलवा!"

"बोलवा!" प्रणाली ओरडली. "अन् गफ्फारचाचाची जीप फाटकावर उभी आहे. पोलिसाले घेऊनच काठीपूरले जाऊ. तुमी सोताच्या हातानं पानी काढा अन् सगळ्याईसमोर प्या. आमी थांबतो!"

जानराव एक पाऊल मागे सरले.

"पी ना बापा!" गर्दीतून भागीरथाबाईचा आवाज आला. ती वाळकांची पाटी घेऊन सकाळच्या जीपनेच आली होती. "पन्नास वर्सं झाली मले त्या गावात. इहीर गोड कवा झाली, आमाले बी सांग!"

प्रणालीने पिशवीतून सुकलेली फुलगोबी काढून भगवंतरावांसमोर ठेवली. "ही त्या फोटोतल्या ओळीतली. मूळ शोधून दाखवा."

भगवंतरावांनी दांडा उलटा केला. कापावरून अंगठा फिरवला. गोबी साहेबांकडे सरकवली.

"साहेब, तुम्ही शेतात उतरला होता?"

"मी... म्हणजे... बांधावरून स्पष्ट दिसत होतं..."

"काय दिसत होतं?"

साहेबांनी खिशात रुमाल शोधायला सुरुवात केली. जानराव मागच्या मागे सरकत होते, पण मागे गफ्फारचाचा हाताची घडी घालून उभे होते.

"कुठं चालले, भाऊ? गोबी राह्यली ना तुमची!"

पुढचं सगळं भराभर झालं. भगवंतरावांनी जानरावांचा परवाना फाडला. रंगवलेली पाटी पालथी घातली. आणि मग ते उठून स्वतः लिंबाखाली गेले.

"पंचफुलाबाई, चुकलं आमचं. चला, ओट्यावर बसा."

आई चालत आली. मान वर होती. तिने टोपलीवरचं पोतं काढलं, हिरव्या जुडीतली एक काडी साहेबांच्या हातात दिली.

"हा सांबार, साहेब. वास घ्या."

साहेबांनी मुकाट्याने वास घेतला. मग तिने त्यांच्या तळहातावर चार शेंगा ठेवल्या.

"अन् हा पोपट. भेवू नका, उडत नाई."

अख्खा बाजार हसला. नाजियाने तर हसता हसता अंकुरच्या पाठीत गुद्दा घातला. गिऱ्हाइकं ओट्यावर तुटून पडली. "बाई, अंबाडी द्या!" "मले ढेमसं, कवळे पाहून!"

भगवंतरावांनी प्रणालीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास, पोरींनो! आणि शाब्बास रे अंकुर! मोठ्या माणसांना डोळे होते, पण पाहिलं तुम्ही."

साहेबांनीही रुमालाने तोंड पुसत हसून घेतलं. "हुशार मुलं आहेत. पुढच्या रविवारी आपण यांचा सत्कार करू. हार, बक्षीस, फोटो! तोवर, बेटा, फळ्यावरची आईची नोंद तूच पुस आणि नीट लिही. हा घे यादीचा कागद, यावरून बघून घे."

प्रणालीने कागद घेतला. ती फाटकाकडे निघाली, आणि चार पावलांवर थांबली.

कागदावर आईचं नाव एकटं नव्हतं. वर-खाली आणखी अकरा नावं होती. सगळ्यांवर आडवी लाल रेघ. गोदाबाई, नांदगाव खंडेश्वर : काटवल. सूर्यभान, पातूर : भेदरं. मनकर्णा, दर्यापूर : शेन्न्या. आणि या अकराही नावांपुढे तेच तीन शब्द : 'नोंद कळत नाही.'

काटवल म्हणजे करटोली, शेन्न्या म्हणजे शेंदाडं आणि भेदरं म्हणजे टमाटे! हे रस्त्यावरचं शेंबडं पोरगंही सांगेल. अकरा ओटे. अकरा टोपल्या. अकरा जणी आणि जण कुठल्यातरी झाडाखाली पोतं झाकून घरी गेले असतील, आणि त्यांच्या घरी जीपवाल्याची नाजिया नसेल.

ती परत फिरली. टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि तो कागद साहेबांपुढे सपाट पसरला.

"सत्कार नको, साहेब."

"मग काय पाहिजे, बेटा?"

"ही अकरा नावं मोठ्यानं वाचा."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग भगवंतरावांकडे. भगवंतरावांनी नजर हलवली नाही. नाजिया येऊन प्रणालीच्या एका बाजूला उभी राहिली, अंकुर एका चपलेवर दुसऱ्या बाजूला. त्यांच्या मागे भागीरथाबाई, आणि तिच्या मागे एकेक करून ओट्यांवरून उतरलेली माणसं.

"बघू... कार्यालयात जाऊन... योग्य वेळी..."

"योग्य वेळ म्हणजे कोणता वार?" प्रणाली म्हणाली. "या अकरा जणांच्या वावरात तुम्ही कधी जाणार? गोदाबाईकडे कधी? सूर्यभानकाकांकडे कधी? मनकर्णाबाईकडे कधी? आम्ही सगळे इथेच उभे आहोत, साहेब. तारीख सांगा!"